पद्मिनी रस्त्यातच बंद पडते? पेट्रोल नेमकं कुठे अडलंय, ते असं ओळखा

मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली. पण अनेक घरांत आजोबांची किंवा वडिलांची पद्मिनी आजही जपून ठेवलेली आहे. अशा गाडीचं नेहमीचं दुखणं म्हणजे टाकीत पेट्रोल असूनही ती गचके खात बंद पडते. मग सरळ कार्बोरेटर खोलला जातो, पैसे जातात आणि आजार तसाच राहतो.

पेट्रोलचा प्रवास कसा होतो?

टाकी मागे, इंजिन पुढे. इंजिनवर बसवलेला पंप आतल्या रबरी पडद्याच्या, म्हणजे डायफ्रॅमच्या हालचालीने पेट्रोल खेचतो आणि कार्बोरेटरला देतो. इथे नव्या गाड्यांसारखा इलेक्ट्रिक पंप नसतो.

पेट्रोलचाच प्रॉब्लेम आहे, हे कसं कळणार?

बटण बंद केल्यासारखी गाडी एकदम थांबली, तर आधी करंट तपासा. गचके खात, दम तोडत थांबली, तर संशय पेट्रोलवर.

मग क्रमाने काय बघायचं?

१. टाकीचं झाकण उघडा. हवा आत खेचल्याचा आवाज आला आणि गाडी नीट चालली, तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलंय. खर्च जवळपास शून्य!

२. गाडी फक्त गरम झाल्यावर बंद पडते आणि थंड झाली की सुरू होते? मग पाइपात पेट्रोलची वाफ होत असावी. जुने ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं ठेवायचे, ते यासाठीच.

३. इंजिन थंड असताना कॉइलची बारीक वायर काढा, म्हणजे ठिणगी पडणार नाही. कार्बोरेटरकडे जाणारा पाइप बाटलीत सोडा आणि सेल्फ मारा. पेट्रोल जोरात, ठोक्याठोक्याने आलं तर पंप ठीक आहे, कचरा कार्बोरेटरमध्ये शोधा. आलंच नाही, तर फिल्टर, भेगा पडलेला रबरी पाइप किंवा पंप बघा. हे काम मोकळ्या जागेत आणि जाणकार मेकॅनिकसोबतच करा.

४. डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येतोय, पातळी वाढलीय? मग डायफ्रॅम फाटलेला असू शकतो. गाडी अजिबात चालवू नका. पातळ झालेलं ऑइल इंजिनच खराब करतं. पंप दुरुस्त करून ऑइल बदला.

आत्ताच हे का महत्त्वाचं?

आता पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. या गाड्यांचे मूळ रबरी भाग त्यासाठी बनलेले नव्हते. ते फुगतात, कडक होतात, चिरतात. इथेनॉल पाणीही ओढून घेतं, त्यामुळे उभ्या गाडीच्या टाकीत गंज वाढतो आणि तो फिल्टरमध्ये अडकतो.

म्हणून इथेनॉल चालणारे पाइप आणि डायफ्रॅम बसवून घ्या. आणि बॉनेट उघडताच पेट्रोलचा वास आला, तर सेल्फ मारू नका. चिरलेल्या पाइपातून गरम इंजिनवर पडणारं पेट्रोल गाडीला आग लावू शकतं.