तापलेली फळी म्हणजे सुकलेली फळी नव्हे

सोनाळ्याच्या आसपास, सातपुड्याच्या पायथ्याला, कड न कापलेली, खोडाच्या मूळ वळणाची फळी घ्यायला गेलं की हमखास ऐकू येतं: "दहा वर्षं बांधावर पडलेलं खोड आहे. आपल्या उन्हात आणखी काय सुकायचं राहिलं?" घेणारा मान डोलावतो. वर्षभरात टेबलाला चीर पडते आणि बोल लागतो सुताराला.

किती वेळा सांगायचं, अख्खं खोड असं सुकत नाही! लाकडातलं पाणी उभ्या नळ्यांतून लवकर वाहतं, आडवं फार हळू सरकतं. वरून सालीचं आवरण. त्यामुळे टोकं सुकून तडकतात, गाभा ओलाच राहतो. खरं सुकणं सुरू होतं ते आऱ्यावर फळ्या पाडल्यानंतर.

मग फळी उन्हात टाकायची? मुळीच नाही. पारा 44 अंशांवर असताना वरचा थर झपाट्याने आकसतो, आतला ओला भाग त्याला आकसू देत नाही, आणि ताणाने लाकूड फाटतं. त्यातच वर्षवलयांच्या दिशेने लाकूड गाभ्याकडच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट आकसतं, म्हणून रुंद फळी वाकते. फळ्या सावलीत, हवेशीर जागी, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या देऊन रचायच्या आणि टोकांना मेण किंवा जाड रंग लावायचा. एक इंच जाडीला एक वर्ष हा ठोकताळा; खात्री मोजूनच होते. टोकापासून फूटभर आतला तुकडा कापून तोला, भट्टीत वजन घटायचं थांबेपर्यंत सुकवा. 112 ग्रॅमचा तुकडा 100 वर थांबला, तर ओलावा 12 टक्के. कुठल्या हवामानात किती ओलावा चालतो, हे आयएस 287 या भारतीय मानकात देशाचे चार विभाग पाडून दिलं आहे. अंदाजपंचे बोलणाऱ्यांनी ते एकदा वाचावं.

बाकीचे गैरसमज:

"सालीसकट फळी टिकते." साल सुकून सुटते, तिच्याखाली भुंगेऱ्यांच्या अळ्या पोसतात. साल काढा, कडेचं वळण जात नाही.

"सागाला वाळवी लागत नाही." गडद गाभ्याला सहसा नाही. बाहेरच्या पांढरट भागाला लागते, आणि अशा फळीच्या कडेला नेमका तोच असतो.

"बाभूळ म्हणजे सरपण." बैलगाडीची चाकं आणि औतं पिढ्यान्‌पिढ्या बाभळीचीच झाली.

"शेतातलं झाड, परवानगी कशाला?" 1964 च्या वृक्षतोड कायद्यानुसार साग, आंबा, चिंच, मोह तोडायला मालकालाही परवानगी लागते.

"जंगलात पडलेलं वाळकं कुणाचंच नसतं." शेजारचं अंबाबरवा हे अभयारण्य आहे. तिथून विनापरवाना लाकूड उचलणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

म्हणून विकणाऱ्याला झाड कधी पडलं हे विचारू नका. फळ्या कधी पाडल्या, कुठे रचल्या आणि कागद कुठे आहेत, हे विचारा. उत्तर मिळालं नाही, तर पैसे खिशातच ठेवा.