मऊ प्लास्टिकची आमिषे आणि त्यांचे रंगकाम

विद्यार्थ्याच्या कंपासपेटीत प्लास्टिकचा खोडरबर व पारदर्शक मोजपट्टी काही महिने एकमेकांना लागून राहिली, तर खोडरबर पट्टीला चिकटतो आणि सोडवून पाहिल्यास पट्टीवर खळगा पडलेला आढळतो. ही घटना अनेकांच्या परिचयाची आहे. तिचे कारण मात्र सहसा कोणी विचारीत नाही. गळाने मासे धरण्याचा छंद असलेले लोक घरी जी कृत्रिम आमिषे तयार करतात, त्यांच्या मऊ भागांवर रंग का टिकत नाही, या प्रश्नाचे उत्तर याच घटनेत आहे.

अमेरिकेतील ओहायो राज्यात अ‍ॅक्रन हे रबराच्या धंद्यामुळे नावारूपास आलेले शहर आहे. तेथील बी. एफ. गुडरिच कंपनीत वाल्डो सेमन या रसायनज्ञाने १९२६ मध्ये पॉलिव्हिनाइल क्लोराइड हे कठीण द्रव्य, सहज न उडून जाणाऱ्या द्रवांच्या साहाय्याने, मऊ व लवचिक करण्याची रीत शोधून काढली. पुढे १९४९ मध्ये त्याच शहरातील निक क्रीम यांनी मऊ व्हिनाइलचे गांडूळ साच्यात ओतून तयार केले. मऊ प्लास्टिकच्या आमिषांचा प्रसार तेव्हापासून झाला.

अशा आमिषांसाठी आज जे द्रव्य बहुधा वापरतात त्यास प्लास्टिसॉल म्हणतात. यात पॉलिव्हिनाइल क्लोराइडचे सूक्ष्म कण एका तेलकट द्रवात तरंगत असतात. या द्रवास आपण सुनम्यक म्हणू. हे मिश्रण सुमारे १७५ ते १८० अंश सेल्सिअसपर्यंत तापविले असता कण सुनम्यक शोषून फुगतात, मिश्रण प्रथम घट्ट व नंतर ओतण्याजोगे होते, आणि साच्यात निवल्यावर रबरासारखे लवचिक बनते. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. सुनम्यक प्लास्टिकशी रासायनिक बंधाने जोडलेले नसते. ते त्यात केवळ मुरलेले असते. त्यामुळे ते हळूहळू पृष्ठभागाकडे सरकते आणि लगतच्या पदार्थात शिरते. खोडरबरातून पट्टीत शिरते ते हेच द्रव्य होय.

आता रंगाचा विचार करू. तैलरंग किंवा नखांचे पॉलिश अशा शेपटीवर लावले, तर तीन अडचणी उभ्या राहतात. तेलकट पृष्ठभागावर रंगाची पकड बसत नाही. सुनम्यक रंगाच्या थरात शिरल्यामुळे तो थर चिकट राहतो. शिवाय पाण्यात शेपटी सतत वळवळत असल्याने, आणि मासा ओढीत असता ती ताणली जात असल्याने, कडक थरास तडे जाऊन त्याचे पापुद्रे सुटतात. यावरून असा नियम निघतो की, रंगाचा थर आमिषाच्याच कुळातील असावा.

या नियमास अनुसरून तीन मार्ग उपलब्ध आहेत. पहिला मार्ग म्हणजे रंगद्रव्य प्लास्टिसॉलमध्येच मिसळणे. पाठ गडद व पोट फिकट हवे असल्यास पहिला थर गरम असतानाच दुसरा ओतावा, म्हणजे दोन्ही एकजीव होतात. दुसरा मार्ग साच्याच्या आतील बाजूस अभ्रकाची चमकदार भुकटी ब्रशाने पसरून मग प्लास्टिसॉल ओतण्याचा. भुकटी पृष्ठभागातच रुतून बसते. तिसरा मार्ग तयार शेपटीवर व्हिनाइल रंग देण्याचा. या रंगातील विद्रावक पृष्ठभाग किंचित फुगवितो, व्हिनाइलचे रेणू त्यात गुंततात आणि विद्रावक उडून गेल्यावर थर मूळ वस्तूचा भागच बनतो. त्यापूर्वी पृष्ठभाग अल्कोहोलने पुसून घ्यावा. थर पातळ द्यावेत व प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यावा. जाड थरात विद्रावक कोंडून राहतो.

लाकडी धडास मऊ शेपटी जोडावयाची असल्यास आणखी दक्षता हवी. शेपटीतील सुनम्यक धडावरील रंगही मऊ करते. यास्तव धडावर इपॉक्सीचा थर देऊन तो पूर्ण कडक झाल्यावरच शेपटी जोडावी. तयार आमिषे पॉलिएथिलीनच्या पिशवीत ठेवावीत. पॉलिस्टायरीनच्या कठीण डब्यात ठेवल्यास डबाच विरघळू लागतो.

हे काम घरगुती असले तरी निरुपद्रवी नव्हे. प्लास्टिसॉल प्रमाणाबाहेर तापले की पिवळे, मग तपकिरी पडते आणि त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू निघतो. साच्यात पाण्याचा थेंब राहिल्यास त्याची एकदम वाफ होऊन तप्त द्रव अंगावर उडतो. व्हिनाइल रंगांतील विद्रावक बहुधा ज्वालाग्राही असतात. म्हणून काम मोकळ्या हवेत, चष्मा व हातमोजे घालून करावे, रंग देताना जवळ ज्योत नसावी, आणि या कामाचे भांडे पुन्हा स्वयंपाकास घेऊ नये.

रंग न टिकण्याचा दोष पुष्कळदा रंगाच्या माथी मारला जातो. वास्तविक रंग देण्यापूर्वी, तो ज्या वस्तूवर द्यावयाचा ती कशाची बनली आहे, हे जाणून घेतले पाहिजे. रंगाची निवड त्यानंतर फारशी अवघड राहत नाही.