दूरची जमीन : ठेवावी की विकावी?

पुण्यामुंबईत दोन पिढ्या राहिलेल्या पुष्कळ घरांत एक प्रश्न अधूनमधून निघतो. संगमेश्वर, राजापूर किंवा देवगडकडे कोठेतरी आपल्या नावावर थोडी जमीन आहे. तेथे जावयाचे म्हणजे सबंध दिवस मोडतो. मग ती ठेवावी की विकून मोकळे व्हावे? एकजण पूर्वजांची आठवण काढतो, दुसरा बाजारभाव सांगतो, आणि चहा संपला की विषयही संपतो. आमच्या मते आधी आपल्यापाशी नेमके आहे तरी काय, हे पाहावे.

सातबाराचा उतारा आता घरबसल्या मिळतो. त्यातला नमुना सात मालकी सांगतो, नमुना बारा पिके सांगतो. तो हाती घेतला की बहुधा पहिला धक्का बसतो : आजोबांचे नाव अजून तसेच आहे! वारसाने मिळालेला हक्क तीन महिन्यांच्या आत कळवावा, असे १९६६ च्या जमीन महसूल संहितेत सांगितले आहे. पण तीस-तीस वर्षे कोणी ते मनावर घेत नाही. समजा, आजोबांची चार एकर होती, म्हणजे १६० गुंठे. त्यांना चार मुलगे, आणि प्रत्येकास तीन अपत्ये. नातवंडांपर्यंत आलो की बारा नावे, आणि वाट्यास सव्वातेरा गुंठ्यांच्या आसपास. बरे, तेवढा तुकडा मोजून वेगळा काढू म्हटले तर १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा आड येतो. म्हणून अशी जमीन सामाईकच राहते, आणि जी सर्वांची ती कोणाचीच नव्हे, अशी तिची गत होते.

या बारा नावांत मुलीही आल्या. वडिलार्जित मिळकतीत मुलीस मुलाप्रमाणे जन्मतः हक्क आहे, हे २००५ च्या दुरुस्तीने ठरले आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावरचे उरलेसुरले शंकानिरसन केले. तरीही भाऊबीजेच्या आसपास बहिणीपुढे हक्कसोडपत्राचा कागद सरकविण्याची चाल आमच्याकडे अजून आहे. सही ताईने आनंदाने केली तर बोलणेच खुंटले. पण जमिनीची आजची किंमत तिला आधी सांगितली होती काय, एवढे विचारण्याचा अधिकार आम्ही राखून ठेवतो.

आता कसणाराकडे वळू. आपण लांब, म्हणून गावातला कोणी तेथे भात लावतो आणि वर्षाकाठी दोन पायली तांदूळ पाठवितो. हा व्यवहार गोड असतो, पण तोंडी असतो. १९४८ च्या कूळकायद्याप्रमाणे, घरचा माणूस किंवा पगारी मजूर नसून दुसऱ्याची जमीन रीतसर कसणारा मनुष्य कूळ ठरू शकतो. याच कायद्याने १ एप्रिल १९५७ या कृषिदिनी असंख्य कुळे मालक झाली. पांढरपेशा घरांत तेव्हा फार कुरकुर झाली. परंतु जो चिखलात उभा राहतो त्याच्या बाजूने कायदा उभा राहिला, यात आम्हांस अन्याय दिसत नाही. चूक झाली ती पुढे, भीतीपोटी जमीन पड टाकण्यात. पड जमिनीत गवत माजते, माघ-फाल्गुनात वणवा शिरतो आणि काजूची वीस वर्षांची झाडे एका दुपारी जातात. गडगा ढासळला की शेजारची हद्द हळूच आत येते. मालकाविरुद्ध उघडपणे बारा वर्षे ताबा ठेवला तर १९६३ च्या मुदतीच्या कायद्याने तोही हक्क सांगू शकतो. मात्र सहहिस्सेदार चुलतभाऊ केवळ वहिवाट करतो म्हणून तो मालक होत नाही, हे ध्यानात ठेवावे. निम्मी भांडणे येथेच मिटतील.

हापूसची बाग असली तर ती कराराने देण्याची रीत आहे. करार फळांपुरता, लेखी आणि मुदतीचा असावा, जमिनीचा ताबा देऊ नये. शिवाय एक अट घालावी. हापूस स्वभावतः एक वर्षाआड फळतो. दर वर्षी मोहोर यावा म्हणून पॅक्लोब्युट्रॅझॉल नावाचे औषध मुळाशी देतात. ते किती द्यावयाचे हे करारातच लिहावे. दोन वर्षांसाठी आलेल्या कंत्राटदारास झाडाच्या म्हातारपणाची काळजी असण्याचे कारण नाही.

विकावयाचे ठरले तर दोन गोष्टी जाणून विकावी. कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतजमीन सहसा शेतकऱ्यासच विकता येते. म्हणजे शेवटचा तुकडा ज्याने विकला, त्याला उद्या पुन्हा घेऊ म्हटले तर तेच कलम आडवे येते. दुसरी गोष्ट, वारसाने एकत्र आलेल्या जमिनीतील हिस्सा कोणी विकू लागला तर तो विकत घेण्याचा पहिला मान हिंदू वारसा कायद्याने सहवारसांस आहे. शेतजमिनीसही तो लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितले. तेव्हा दलालाकडे जाण्यापूर्वी गावातल्या चुलतभावास पत्र टाकावे. भाव थोडा कमी येईल. वाट, विहीर आणि देवघर मात्र घरात राहील.

ठेवावयाचे असेल तर आमचे विचारणे एवढेच : पुढच्या पिढीतले कोण तेथे जाणार, त्याचे नाव सांगा. चारही हद्दी त्याला ठाऊक आहेत काय? नसतील तर भूमि अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करावा, आणि मोजणीच्या दिवशी शेजाऱ्यांसह त्याला बांधावर उभे करावे. दोन चकरा त्याने निमूटपणे मारल्या, तर जमीन ठेवावी. पहिल्याच खेपेस त्याला रजा मिळाली नाही, तर चुलतभावास ते पत्र त्याच आठवड्यात टाकावे.