पेटीचा पार्ट हवाय की पेटी बनवून हवीय? ऑर्डर घेण्याआधी लिहायच्या सहा ओळी



मागच्या व्हिडिओत मी माझ्या डोंबिवलीच्या गाळ्यातलं जॉब कार्ड दाखवलं, तेव्हा बऱ्याच जणांचा एकच प्रश्न होता. "सर, हार्मोनियम दुरुस्तीचं छोटं दुकान, त्याला एवढं कागदकाम कशाला?" व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. तुमचा धंदा पेटीचा नसेलही. शिलाई, फर्निचर, मिक्सर दुरुस्ती, केक, काहीही असो. जिथे गिऱ्हाईक म्हणतं "मला असं असं करून द्या", तिथे हे लागू पडतं.

आधी माझी चूक सांगतो.

चौऱ्याऐंशी सूर आणि एक भंगारवाला

दुकान सुरू करून वर्षही झालं नव्हतं. कल्याणहून एक काकू रिक्षातून पेटी घेऊन आल्या. वडिलांची पेटी, भजनात वाजवायचे. म्हणाल्या, "अरे, हिचे सूर हलतात बघ. नीट करून दे." मी "हो काकू, आठ दिवसांनी या" म्हणालो आणि एका चिठ्ठीवर फक्त त्यांचं नाव आणि फोन नंबर लिहून ठेवला.

पेटी ४२ पट्ट्यांची, डबल रीडची. म्हणजे प्रत्येक पट्टीला खर्ज आणि नर असे दोन सूर, एकूण ८४. मी सगळेच्या सगळे नवे बसवले. का? खरं सांगतो. जुना सूर घासून जुळवायला वेळ आणि कान लागतो. अख्खा सेट बदलणं सोपं, आणि बिलही मोठं होतं. जुने सूर पितळेच्या भंगारात गेले.

काकू आल्या, दोन मिनिटं वाजवलं आणि थांबल्या. "ही बाबांची पेटी नाही रे." मग विचारलं, "जुने सूर कुठे आहेत?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी पैसे परत दिले, त्यांनी ते घेतलेही. पण पैशाने भरून येणारी ती गोष्ट नव्हती. आणि सगळ्यात वाईट काय, तर काकूंनी तक्रार अगदी बरोबर सांगितली होती. "सूर हलतात" म्हणजे एकाच पट्टीचे दोन सूर आपसात जुळत नाहीत, त्यामुळे आवाजाला लाट येते. त्यावर इलाज जुळवणीचा. त्यातले दहा-बारा सूर फार तर बदलावे लागले असते.

त्या दिवशी एक गोष्ट कळली. गिऱ्हाईक जे बोलतं ती तक्रार असते, ऑर्डर नसते. तक्रारीची ऑर्डर करणं हे आपलं काम आहे, आणि ते पैसे घेण्याआधी, कागदावर आणि त्याच्यासमोर करायचं.

आधी ओळखा: तीन वेगळी कामं आहेत

बाहेरून सगळं "पेटीचं काम" दिसतं. हिशोब मात्र तिन्हींचा वेगळा.

पहिलं, पार्ट विकणं. भजनी मंडळाचा माणूस येतो, "एक स्प्रिंग द्या, मी बसवतो." किंमत ठरलेली, व्यवहार पाच मिनिटांचा.

दुसरं, दुरुस्ती. यात पार्ट आणि मजुरी दोन्ही येतात, आणि पेटी उघडल्याशिवाय पूर्ण अंदाज येत नाही. म्हणून तपासणीचे थोडे पैसे वेगळे लावा आणि आधीच सांगा. काम केलं तर ते बिलात वळते करा.

तिसरं, मनासारखं बनवून देणं. "लोकलमधून नेता येईल अशी छोटी पेटी हवी", "आहे त्या पेटीला कपलर बसवून द्या." इथे तुम्ही वस्तू विकत नाही, निर्णय विकता. प्रत्येक निर्णयाला वेळ लागतो आणि तो चुकला तर लाकूड वाया जातं.

नवीन दुकानदार तिसऱ्या कामाला पहिल्या कामाचा भाव सांगतो. तिथेच धंदा बसतो.

पार्ट मागवताना: नमुन्याशिवाय फोन उचलू नका

हार्मोनियमचं पेटंट पॅरिसच्या अलेक्झांडर डेबेन यांनी १८४२ साली घेतलं. ते पायाने भाता मारायचं वाद्य होतं. हाताने भाता मारायची, जमिनीवर बसून वाजवायची पेटी कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास आणली. तेव्हापासून कोलकाता, दिल्ली, मुंबई, गुजरात, जिथे तिथे कारागिरांनी आपापल्या मापाने पेट्या बनवल्या. त्यामुळे दोन पेट्या दिसायला सारख्या असल्या, तरी एकीचा पार्ट दुसरीला बसेलच असं नाही.

सुरांसाठी गुजरातमधलं भावनगर जिल्ह्यातलं पालीताणा प्रसिद्ध आहे. जुन्या पेट्यांमध्ये जर्मनीहून, पॅरिसहून आलेले सूरही सापडतात. "एक सूर पाठवा, मधल्या सप्तकातला" एवढंच फोनवर सांगितलंत, तर येणारा सूर बसला तर नशीब. मी आता हे पाठवतो:

• डावीकडून कितवी पट्टी आणि खर्ज की नर.
• पितळी पट्टीची लांबी, रुंदी आणि जाडी, मिलिमीटरमध्ये.
• मोजपट्टी शेजारी ठेवून काढलेला फोटो, दोन्ही बाजूंनी.
• शक्य असेल तर तुटलेला सूर स्वतःच, कुरियरने.

परदेशातही हीच पद्धत आहे. वुर्लिट्झर नावाचा जुना इलेक्ट्रिक पियानो होता. त्यात तारांऐवजी पोलादी रीड असते आणि छोटी हातोडी तिच्यावर आपटते. तो बनणं बंद होऊन चाळीसेक वर्षं झाली, पण वाजवणारे आहेत, म्हणून पार्टची दुकानंही आहेत. तिथे पहिला प्रश्न "मॉडेल कोणतं?" कारण मॉडेल बदललं की रीडही बदलते. गंमत म्हणजे त्या रीडच्या टोकावर कथलाचा थेंब असतो. तो वाढवला की सूर उतरतो, घासला की चढतो. आपल्या पेटीतही तत्त्व तेच. टोकाकडे घासलं की सूर चढतो, मुळाकडे घासलं की उतरतो. आणि दोन्हीकडे एकदा घासलेलं परत येत नाही!

दुरुस्तीत: पार्ट बदलण्याआधी कारण शोधा

"आवाज बारीक झालाय, नवे सूर टाका" असं म्हणत लोक येतात. थांबा. भाता भरा, एकही पट्टी दाबू नका आणि भाता किती वेळात मिटतो ते बघा. भराभर मिटत असेल तर हवा कुठेतरी गळतेय. पट्टीखालचं चामडं कडक झालं असेल, भात्याची घडी फाटली असेल. तिथे नवे सूर टाकून उपयोग नाही.

आपल्याकडे पाऊस हे मोठं कारण. ठाणे, डोंबिवली, कल्याण, सगळीकडे खाडीची दमट हवा. लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, चामड्याला बुरशी येते. आषाढी, श्रावण, गणपती, नवरात्र, भजनाचा सीझन नेमका तेव्हाच. म्हणून चामडं, स्प्रिंगा, भात्याचं कापड हा माल मी मे महिन्यातच भरतो. जुलैत मागवला तर माल येईपर्यंत मंडळ दुसरी पेटी भाड्याने घेऊन मोकळं होतं.

मनासारखं काम: काय हलणार नाही ते आधी ठरवा

याचं सुंदर उदाहरण आपल्या ठाण्यातच आहे. डॉ. विद्याधर ओक यांची २२ श्रुतींची पेटी. नेहमीच्या पेटीत सप्तकात १२ स्वर. त्यांनी सा आणि प स्थिर ठेवले. उरलेल्या १० स्वरांना दोन-दोन जागा दिल्या, म्हणजे २०, आणि हे दोन मिळून २२. पट्टीखालची खुंटी ओढली की त्याच पट्टीवर दुसरी श्रुती लागते.

उद्योजक म्हणून यात काय बघायचं? "मला पेटीवर श्रुती हव्यात" ही इच्छा झाली. तिच्यावरून कारागीर करवतीला हातही लावू शकत नाही. पण "सा आणि प तसेच, बाकी दहांना दोन सूर, खुंटी पट्टीखाली" असं म्हटलं की करायचं काम ठरतं. काय बदलणार याइतकंच काय बदलणार नाही हेही त्यात स्पष्ट आहे.

ठाण्याहून एक भजनी मंडळ आलं, "कपलर बसवून द्या." कपलर म्हणजे एक पट्टी दाबली की सप्तकापलीकडचीही दाबली जाते. मी पेटी उघडून दाखवली. आत जागा कमी, आणि कपलर लावला की पट्टी जड होणार. त्यांचे वाजवणारे बुवा सत्तरीचे. त्यांनीच सांगितलं, "मग नको, बोटं दुखतील." त्या दिवशी मोठी ऑर्डर गेली. पण ते मंडळ आजही सर्व्हिसिंगला माझ्याकडेच येतं.

आता त्या सहा ओळी

१. गिऱ्हाईक काय म्हणालं, त्याच्याच शब्दांत. "सूर हलतात", "फुसफुस आवाज येतो." तुमच्या भाषेत भाषांतर करू नका.

२. मला काय आढळलं. पट्टीच्या नंबरासकट.

३. मी काय करणार आणि कशाला हात लावणार नाही.

४. जुने पार्ट परत द्यायचे का? उत्तर काहीही असो, मी ते पाकिटात घालून काम नेईपर्यंत ठेवतो.

५. पैसे. पार्ट, मजुरी, ॲडव्हान्स, आणि न विचारता जास्तीत जास्त किती खर्च करू शकतो तो आकडा.

६. तारीख, आणि तारखेमागचं कारण. "पंधरा दिवस लागतील" यापेक्षा "सूर यायला आठ दिवस, जुळवल्यावर चार दिवस ठेवून परत तपासणार" असं सांगितलं की माणूस थांबतो. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ साली जीआय मिळाला. तिथेही भोपळा नीट वाळल्याशिवाय काम पुढे जात नाही. कारण कळलं की वाट बघणं जड जात नाही.

खाली दोघांची सही. शिवाय काम घेताना आणि देताना फोनवर एक छोटा व्हिडिओ, पहिल्या पट्टीपासून शेवटच्या पट्टीपर्यंत. वाद झालाच तर तो बोलतो.

ॲडव्हान्स किती?

समजा पार्ट २,००० रुपयांचे आणि मजुरी ३,०००. मी पार्टचे पूर्ण २,००० आणि मजुरीचा तिसरा हिस्सा १,००० असे ३,००० आधी घेतो. गिऱ्हाईक परत आलंच नाही, तरी माझ्या खिशातला पैसा अडकत नाही, मेहनत तेवढी अडकते. बनवून द्यायच्या कामाचे तीन टप्पे करा: ठरवताना, लाकडी सांगाडा तयार झाल्यावर गिऱ्हाइकाला बोलावून दाखवताना, आणि नेताना. मधला टप्पा चुकवू नका. तिथे बदल सांगितला तर स्वस्त पडतो, पॉलिशनंतर महागात जातो.

कायद्याचंही थोडं माहीत हवं. भारतीय करार कायदा, १८७२. कलम १५१ म्हणतं, दुसऱ्याची वस्तू तुमच्या ताब्यात असेल तर सर्वसाधारण शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी तुम्ही घ्यायची. कलम १७० नुसार, ठरल्याप्रमाणे वस्तूवर कौशल्याचं काम केलं असेल, तर वेगळा करार नसताना त्या कामाचे पैसे मिळेपर्यंत तुम्ही ती अडवून ठेवू शकता. पण अडवून ठेवणं म्हणजे विकणं नव्हे, हे लक्षात ठेवा. आणि "ठरल्याप्रमाणे" हा शब्द बघा. काय ठरलं होतं, हे कागदावर नसेल तर काय दाखवणार?

काकू पुन्हा दुकानात आल्या नाहीत. येतील अशी अपेक्षाही नाही. पण माझ्या टेबलाच्या खणात आज प्रत्येक चालू कामाचं एक पाकीट असतं, वर नाव, आत जुने सूर. बहुतेक लोक म्हणतात, "टाकून द्या हो." चार-पाचजण मात्र पाकीट उघडून बघतात आणि जपून पर्समध्ये ठेवतात. त्यांच्याकडे बघितलं की वाटतं, ती चौथी ओळ लिहायला हवीच.

आज एक काम करा. तुमच्या धंद्यातली शेवटची बिघडलेली ऑर्डर आठवा आणि या सहा ओळींपैकी कोणती लिहिली नव्हती ते शोधा. वहीत लिहून ठेवा. पुढच्या व्हिडिओत तपासणीचे पैसे मागताना जी लाज वाटते, तिच्याबद्दल बोलू.

भेटूया!