द्वादशीची सकाळ

बीड जिल्ह्यातल्या नारायणगडाला धाकटी पंढरी म्हणतात. नगद नारायण महाराजांच्या या संस्थानाची पालखी आषाढीला पंढरपूरला जाते, आणि ज्यांना पंढरपूर गाठणं जमत नाही अशी पंचक्रोशीतली माणसं एकादशीला गडावरच विठ्ठलाच्या पायावर डोकं ठेवतात. १२ ऑक्टोबर २०२४ आणि २ ऑक्टोबर २०२५ च्या दसरा मेळाव्यांनी गडाचं नाव राज्यभर नेलं, पण गर्दी गडाला नवी नाही. एकादशीच्या सोहळ्याचं वर्णन सगळे करतात. दुसऱ्या दिवशीच्या सकाळबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. रात्रभर टाळ वाजवून, गाऊन, नाचून उजाडलं की माणसाची अवस्था मोठी विचित्र असते. अंग जड आणि मन हलकं, मधेच डोळे भरून येतात, मधेच किरकोळ गोष्टीवरून चिडचिड होते. ही अवस्था नुसत्या जागरणाची नाही आणि नुसत्या भक्तीचीही नाही. तिचा शेवट समाधानात होतो की रितेपणात, हे बऱ्याच अंशी त्या सकाळी माणसाच्या वाट्याला काय ठेवलेलं असतं यावर ठरतं, असं माझं म्हणणं आहे. आणि ही सकाळ नीट लावून देण्यात वारकरी परंपरेचा हात धरणारं दुसरं काही मला दिसत नाही.

आधी शरीराचं पाहू. आपण जितका वेळ जागे असतो तितकं मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं आणि झोपेचा दाब वाढतो. चहा-कॉफीतलं कॅफिन त्याचा परिणाम काही तास रोखून धरतं, साचलेलं काही कमी करत नाही. या दाबाच्या जोडीला मेंदूतलं घड्याळ चालू असतं. पेशींमधलं हे घड्याळ कसं चालतं ते उलगडणाऱ्या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. पहाटे चारच्या सुमारास शरीराचं तापमान सगळ्यात खाली गेलेलं असतं आणि जागरणात सगळ्यात कठीण वेळ हीच. भजनी मंडळींना हे कुणी शिकवावं लागत नाही. त्या वेळी चाल संथ होते, एखाद्याचा टाळ हातातच थांबतो. मग उजाडतं, घड्याळ दिवसाकडे वळतं आणि रात्रभर जागलेल्या माणसालाही अचानक तरतरी येते. काकड्याच्या वेळी जो उत्साह जाणवतो त्यात या शारीरिक चढाचा वाटा असतोच. दुपारी तो उतरतो आणि मग माणूस बसल्या जागी पेंगतो.

भावनांचंही तसंच. २००७ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात असं दिसलं की एक रात्र झोप न झालेल्यांच्या मेंदूतला अमिग्डाला हा भाग अप्रिय चित्रं पाहताना इतरांपेक्षा सुमारे ६० टक्के जास्त उसळतो. त्याच गटाच्या पुढच्या अभ्यासात सुखद चित्रांनाही असाच वाढीव प्रतिसाद दिसला. म्हणजे जागरण माणसाला दुःखी किंवा सुखी करत नाही. जे समोर येईल ते मोठं करून दाखवतं. माझ्या युक्तिवादाचा सगळा भार याच निष्कर्षावर आहे. त्या सकाळी माणूस अगदी उघडा असतो, आणि म्हणूनच त्या वेळी त्याच्यासमोर काय येतं याला एरवीपेक्षा कितीतरी जास्त महत्त्व आहे.

शिवाय रात्रभर तो एकटा नव्हता. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १९१२ मध्ये सामूहिक विधींतल्या या भारलेपणाचा विचार मांडला, तेव्हा त्यांच्याजवळ मोजमापं नव्हती. आता आहेत. स्पेनमधल्या सान पेद्रो मानरिके या गावात निखाऱ्यांवरून चालण्याची प्रथा आहे. तिथे संशोधकांना चालणाऱ्याच्या आणि बघणाऱ्या नातलगांच्या हृदयाचे ठोके एका लयीत चढता-उतरताना दिसले. एका तालात वल्हवणाऱ्यांना वेदना कमी जाणवते, हे ऑक्सफर्डच्या नौकापटूंवर दिसून आलं. पावलीचा ठेका धरून दोन-तीन तास नाचणाऱ्या साठीतल्या माणसाचे गुडघे रात्री का दुखत नाहीत, याचा काही उलगडा इथे होतो. सकाळी ताल थांबतो, माणसं पांगतात आणि गुडघे दुखायला लागतात. मेळा उठल्यावर जे रितं वाटतं ते हेच: शरीराची उधारी आणि सोबतीचं तुटणं, दोन्ही एकाच वेळी.

आता गावोगावचा अखंड हरिनाम सप्ताह पाहा. पहाटे काकडा, मग पारायण, दुपारी गाथा भजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यापुढे हरिजागर. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. पहाऱ्याची पाळी संपली की नवा विणेकरी समोर येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, पहिल्याच्या गळ्यातली वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि हे होताना तार वाजती राहते. जागर अखंड असतो, माणूस अखंड जागा नसतो. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन असतं. त्यात चिंतन कृष्णाच्या बाललीलांचं. सात दिवस वैराग्य आणि मोक्ष ऐकलेल्या लोकांना त्या दिवशी गोपाळांचे खेळ ऐकवतात. मग हंडी फुटते, दही-लाह्यांचा काला हातोहात फिरतो, आपल्या हातानं शेजाऱ्याच्या तोंडात घास घातला जातो आणि पंगती बसतात. एकादशीलाही तसंच आहे. उपास आपल्या मनानं संपत नाही, द्वादशीला बारस सोडायची असते. पंढरपूरला पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाल्याशिवाय पालख्या परतीची वाट धरत नाहीत. सोहळा एकदम तोडलेला नाही, हळूहळू उतरवलेला आहे.

पंढरपुरात तर ही काळजी देवापर्यंत पोचते. आषाढी वारीच्या काळात विठ्ठलाचा पलंग काढतात. काकडा आणि शेजारती बंद होते, दर्शन चोवीस तास चालू राहतं. दोन आठवड्यांहून अधिक काळ देव उभाच, म्हणून त्याच्या पाठीशी मऊ लोड देतात. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते. देवाच्या पायांना लिंबू-साखर चोळतात, गरम पाण्यानं स्नान घालतात, रात्री वनौषधींचा काढा दाखवतात आणि पलंग पुन्हा जागेवर येतो. जागलेल्याला शीण येतो आणि तो काढावा लागतो, ही गोष्ट ज्या परंपरेनं देवाच्या बाबतीतही मान्य केली, ती माणसाच्या थकव्याला कमीपणा मानणार नाही.

यावर एक आक्षेप सहज येतो की हे सगळं मेंदूतल्या रसायनांचं काम आहे, त्याला परंपरेचा मुलामा कशाला. नैराश्यावरच्या संशोधनाचा दाखलाही देता येईल: रुग्णालयाच्या देखरेखीखाली एक रात्र पूर्ण जागवलं, तर निम्म्याच्या आसपास रुग्णांची उदासी दुसऱ्या दिवशी उतरलेली दिसते. पण त्याच संशोधनाचा पुढचा भाग असा की नंतरच्या झोपेनं ती बहुतेकांत परत येते. रसायनं दार उघडतात, आत काय येणार हे ती ठरवत नाहीत. दुसरा आक्षेप असा की आनंदाच्या रात्रीचं ठीक आहे, दुःखाच्या रात्रीचं काय? तिथेही आपल्या गावांनी सकाळ मोकळी सोडलेली नाही. मयताच्या घरी चूल पेटत नाही; भावकीतून, शेजारून पिठलं-भाकरी येते आणि नको नको म्हणणाऱ्याला कडू घास घ्यायला लावतात. सांत्वनाचे शब्द त्या वेळी कानावरून जातात, भाकरीचा तुकडा मात्र पोटात जातो. पूर्वजांना मेंदूशास्त्र येत होतं असा दावा मी करत नाही. पिढ्यान्‌पिढ्या जागरणं केलेल्या लोकांना दुसऱ्या दिवशी काय लागतं हे कळलं होतं, एवढंच. तेवढं पुरेसं आहे.

तिसरा आक्षेप सगळ्यात खरा आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. ज्या सकाळी मंडपातले लोक प्रसाद घेऊन विसावतात, त्या सकाळी कढईपाशी उभे असलेले आचारी, घरून भाकरीच्या चळती थापून पाठवणाऱ्या बाया, उष्ट्या पत्रावळी उचलणारी पोरं यांची बारस कोण सोडतं? वीणेला पाळ्या आहेत, चुलीला बहुधा नाहीत. वाहनांचंही तेच. पूर्वी माणसं पायी किंवा बैलगाडीनं परतत. आज रात्रभर जागलेला गाववाला पहाटेच जीप सुरू करतो. १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार २४ तास जागं राहिल्यावर माणसाचं काम रक्तात ०.१० टक्के मद्य असल्यासारखं बिघडतं. आपल्या कायद्यात वाहनचालकाला मर्यादा ०.०३ टक्क्यांची आहे. माळकरी माणूस दारूला शिवत नाही, पण तरतरीच्या त्या फसव्या तासात स्टेअरिंगवर बसतो. पहाऱ्याची यादी करताना ज्यांना गाडी चालवायची आहे त्यांची नावं पहिल्या प्रहरात घालून त्यांना झोपू द्यावं, आणि भटारखान्यालाही पाळ्या लावाव्यात. गावातल्या तरण्या पोरांनी द्वादशीच्या पंगतीला वाढप आणि भांडी आपल्या अंगावर घेतली, तर बायांना निदान एका पंगतीत बसून जेवता येईल.