जुन्या पद्मिनीचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर : काटकसर कोठे करावी?

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने जी मोटार बाहेर पडली, तिने टॅक्सीच्या रूपाने ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईचा निरोप घेतला. तथापि ज्या कुटुंबांनी ती अद्याप जिव्हाळ्याने जपली आहे, त्यांच्यापुढे एक व्यावहारिक प्रश्न वारंवार उभा राहतो, तो असा की, झिजलेले शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलताना परवडतील असे कोणते घ्यावेत? माझे मत असे, की या खरेदीत नामांकित छापापेक्षा मापाला आणि महागड्या रचनेपेक्षा निर्दोष जोडणीला अग्रक्रम द्यावा.

मुळात या यंत्रभागाचे कार्य ध्यानी घेतले पाहिजे. पद्मिनीचा भार पुढे स्प्रिंगा आणि मागे कमानपाटे पेलतात. शॉक अ‍ॅब्सॉर्बरकडे भार पेलण्याचे काम नसते. खड्ड्यात दबलेली स्प्रिंग साठवलेली शक्ती परत फेकू लागली, म्हणजे नळकांड्यातील दट्ट्या तेलातून सरकतो, तेल बारीक छिद्रांतून व झडपांतून कष्टाने वाट काढते, आणि त्या घर्षणात गतीची उष्णता होऊन हेलकावे शमतात. म्हणून गाडी एका अंगाला बसली असेल, तर दोष स्प्रिंगेचा किंवा पाट्याचा समजावा. तेथे शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर केलेला खर्च व्यर्थ होय.

खरेदीपूर्वी खातरजमा करावी. मडगार्डच्या कोपऱ्यावर अंगाचा भार देऊन गाडी दोनतीनदा दाबावी आणि हात काढून घ्यावा. ती एकदा वर येऊन स्थिरावली तर ठीक, परंतु पुनःपुन्हा डोलत राहिली तर दमनशक्ती संपली असे मानण्यास हरकत नाही. नळकांड्यावर ओघळलेले तेल आणि टायरवर जागोजाग पडलेली खोलगट झीज हीही त्याचीच लक्षणे होत. मात्र केवळ खडखडाट ऐकू येत असेल, तर पुष्कळदा टोकांचे रबरी बुश तेवढे कुजलेले असतात, आणि ते बदलण्याचा खर्च अगदी किरकोळ असतो.

बदल अटळच ठरला, तर जुना नग सोबत नेऊन कुर्ल्याच्या किंवा पुण्यात नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत चौकशी करावी. पूर्ण उघडलेली लांबी, पूर्ण मिटलेली लांबी, टोकांची घडण म्हणजे डोळा आहे की खिळी, बुशाचा व्यास आणि नळकांड्याची जाडी, एवढा तपशील कागदावर मांडून घ्यावा. मिटलेली लांबी वाजवीपेक्षा अधिक असेल, तर मोठ्या धक्क्यात रबरी ठोकळ्याआधी दट्ट्याच तळाला आपटतो आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर लवकरच निकामी होतो. दुसऱ्या मोटारीचा नग मापाने जुळला, तरी ती मोटार वजनाने जवळपास तितकीच आहे ना, हेही पाहावे. कारण झडपांचा कडकपणा वजनानुसार ठरविलेला असतो.

साधा, तेलाचा, दुहेरी नळीचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर रविवारच्या फेरफटक्यास पुरेसा आहे. कमी दाबाचा वायू भरलेल्या प्रकारात तेलाला फेस कमी येतो, एवढा लाभ खरा. परंतु उच्च दाबाची एकेरी नळी महाग पडते आणि जुन्या जोडांवर अकारण ताण आणते. भंगारातले वापरलेले नग मात्र स्वस्तातही घेऊ नयेत, कारण आतल्या झडपेची झीज बाहेरून दिसत नाही.

बसत नसलेला नग बसविण्यासाठी चासी कापण्याचा किंवा नवे कान वेल्डिंगने जोडण्याचा मोह टाळावा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या खासगी वाहनास व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळू शकतो, आणि चासीत मोठा फेरफार केल्यास तो हक्क धोक्यात येतो.

अखेरीस जोडणीची दक्षता. एका आसावरचे दोन्ही नग एकाच वेळी बदलावेत. एकच बदलल्यास ब्रेक लावताना व वळणावर दोन बाजू विषम वागतात. पैसे अपुरे असतील तर तूर्त एकाच आसाची जोडी घ्यावी. नवा नग बसविण्यापूर्वी उभा धरून चारपाच वेळा पूर्ण उघडमीट करावा, म्हणजे आत शिरलेली हवा निघून जाते. आणि बुशाचे नट गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळावेत, अन्यथा रबराला कायमचा पीळ बसून ते लवकर फाटते. या दोन कृतींना पैसा लागत नाही, थोडा धीर लागतो. आणि तो दाखविणारा कारागीर लाभला, तर साध्या किमतीची जोडीही दीर्घकाळ इमानाने काम देते.