हजेरीपटावरचा हुद्दा

सकाळचे सात. वैशाखाचं ऊन आत्ताच चटके देतंय. गव्हाणफाट्याकडून ट्रेलर एकामागून एक येतात, चिरनेरचा नाका धुळीने भरतो. बाकड्यावरची माणसं गमछा तोंडावर ओढून घेतात आणि धूळ बसली की पुन्हा चहाचा ग्लास उचलतात.

पंचवीस-तीस जण उभे आहेत. हातात डबा, पाण्याची बाटली. ज्यांच्या खिशात गेटपास आहे ते निवांत. बाकीच्यांचे डोळे मुकादमाच्या फोनवर.

"मुकादम, आज किती माणसं लागतील?"

"जहाज लागलंय. थांबा."

थांबायची सवय सगळ्यांना आहे. पण थांबलेल्या तासाचा पैसा मिळत नाही.

रस्त्याच्या कडेला अक्कादेवीच्या डोंगराकडून उतरलेल्या कातकरी बाया करवंदांच्या टोपल्या मांडतात. या रानावरच्या हक्कासाठी 25 सप्टेंबर 1930 रोजी इथल्या शेतकऱ्या-आदिवासींनी जंगल सत्याग्रह केला, गोळ्या झेलल्या. आता रानावर पोट भरत नाही. टोपली रिकामी झाली की यातल्या दोघी बांधकामावर घमेली उचलायला जाणार. तिथे गड्याला एक मजुरी, बाईला त्याहून कमी. समान कामाला समान वेतनाचा कायदा 1976 मध्येच झाला. रोजगार हमीवर 2025-26 साठी दिवसाचे 312 रुपये ठरले, बाई असो की पुरुष. बांधकामावर मात्र ठेकेदार बोलेल तो दर.

गाडी येते. माणसं चढतात. मीही चढतो.

यार्डात कंटेनरचे मनोरे. चाळीस टनांहून जास्त वजन पेलणारी यंत्रं एकेक कंटेनर लीलया उचलतात, वळतात, ठेवतात. यंत्रावरच्या ऑपरेटरची केबिन थंड, पगार महिन्याचा. खाली शेडजवळ वीस फुटी कंटेनर उघडा आहे. आत पाय टाकला की भट्टीचं दार उघडल्यासारखं वाटतं. पत्र्याला हात लावायची सोय नाही.

पाच जण तांदळाच्या गोण्या भरतायत. पन्नास किलोची एक, अशा 500. म्हणजे 25 टन, माणशी 5 टन. मी भिंतीच्या सावलीत उभा राहून बघतो. कोपऱ्यातला वयस्क गडी गोणी नुसती टाकत नाही. एक आडवी, एक उभी, वरचा थर खालच्या सांध्यावर. दाराकडे येताना थर उतरता ठेवतो, म्हणजे परदेशी कोणी दार उघडलं तर गोण्या अंगावर येणार नाहीत. भरसमुद्रात भार कलणार नाही याची काळजी त्याच्या तळहातात आहे. कागदावर तो 'अकुशल'. किमान वेतनाच्या दरांत अकुशल, अर्धकुशल, कुशल अशा पायऱ्या असतात. हे काम ज्याने जवळून पाहिलंय त्याला तो शब्द अन्यायाचा वाटेल. मला वाटतो.

पलीकडच्या शेडमध्ये तीच गोणी, तेच वजन. पण तिथे माथाडीची टोळी आहे. 1969 च्या कायद्याने त्यांची नोंदणी झालेली, मजुरी मंडळामार्फत, भविष्य निर्वाह निधी जमा. इकडचे पाच जण ठेकेदाराचे. दोन शेडमध्ये अंतर फार तर पन्नास पावलांचं.

दुपारी जेवणाची सुट्टी. ट्रेलरच्या सावलीत डबे उघडतात. भाकरी, सुकट, कांदा. एक विशीतला पोरगा घाईघाईने जेवतो आणि फोर्कलिफ्टकडे पळतो. ऑपरेटर त्याला शेजारी उभं करून लिव्हर दाखवतो. पोरगा पॅलेटखाली काटे अलगद घालतो, उचलतो, मागे घेतो. एक खोकंही हलत नाही.

"रात्रपाळीला तोच चालवतो," ऑपरेटर मला सांगतो. "हात साफ आहे त्याचा."

संध्याकाळी हजेरीपटावर सह्या. पोराच्या नावापुढे हुद्दा: हेल्पर.

"मुकादम, आता तरी ऑपरेटर लिवा."

"लायसन आण. सर्टिफिकेट आण. मग बघू."

पोरगा सही करतो. क्लास पनवेलला आहे, तोही दिवसाचा. जायचं तर खाडे पडणार, खाड्यांचे पैसे कापले जाणार, वर फी भरायची ती वेगळी. तो मागच्या माणसाकडे पेन देतो आणि रात्रपाळीला कोण कोण थांबतंय ते विचारतो.